वाचकांचे प्रश्न : इंजिन उघडलंय, आता काय काय बदलायचं?

प्रश्न : माझी २००६ सालची स्प्लेंडर निळा धूर सोडते आणि हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल पिते. मेकॅनिकने हेड-ब्लॉक उतरवलाय. कनेक्टिंग रॉड हलवून दाखवतो आणि क्रँकपासून गिअरपर्यंत सगळं बदलायला सांगतो. खरंच गरज आहे का?

रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, कोणत्या दिशेला हलतो ते आधी पाहा. क्रँक फिरवून रॉड अगदी वर आणा आणि धरून सरळ वर-खाली ओढा. जराही टक लागली तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) गेलं; रॉड, क्रँकपिन आणि रोलर बेअरिंग असं किटच लागेल. आडवी हालचाल मात्र असायलाच हवी, ऑइल तिथूनच खेळतं. फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावा, ०.६ मिमीच्या आत असेल तर रॉडला हात लावू नका. आडवा रॉड हलवून दाखवला म्हणून पुष्कळांनी चांगले क्रँक भंगारात घातलेत.

रॉड बदलायचाच झाला तर केस, म्हणजे क्रँक-गिअर बसतात ते इंजिनचं खालचं घर, उघडावी लागणार आणि क्रँक प्रेसवर जाऊन ट्रू (एका रेषेत सरळ) होऊन येणार. मग क्रँक ज्यांवर फिरतो ती दोन्ही मेन बेअरिंग त्याच वेळी टाका. रॉड चांगला असेल आणि गिअर सुटत नसतील, तर केस उघडण्याचं कारणच उरत नाही. क्लच घसरत नसेल तर प्लेटाही राहू द्या.

आता धूर. सकाळी स्टार्ट करताना किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावरच येत असेल तर व्हॉल्व्ह सील आणि गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) तपासा. चढावर, लोडवर सतत येत असेल तर दोष बोअरचा (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते ब्लॉकचं भोक) आणि पिस्टनच्या रिंगांचा. स्प्लेंडरचा मूळ बोअर ५० मिमी. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. रिंगा फिरतात तिथे वरच्या कडेला नखाला पायरी लागत असेल तर नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे वाया. नवी कोरी रिंग त्या पायरीवर आपटते आणि तुटते. रिबोअर करा, म्हणजे बोअर कापून थोडा मोठा करून घ्या. आधी ०.२५ ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी मोठा) पिस्टन विकत घ्या, मग ब्लॉकसोबत तोच लेथवाल्याकडे द्या. बोअर पिस्टनच्या मापाने होतो, पिस्टनच्या डबीवरच्या आकड्याने नव्हे. झीज जास्त असेल तर पुढचं माप ०.५०.

टायमिंग चेन सैल असेल तर दोन्ही स्प्रॉकेट आणि टेन्शनरच्या रोलरसकट बदला. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला खड्डे पडले असतील तर त्यावर घासणारा रॉकरही गेलेलाच समजा, जुना रॉकर नवा कॅम खातो.

न मोजता बदलायच्या गोष्टी थोड्या : सगळी पॅकिंग, ऑइल सील, ओ-रिंग, व्हॉल्व्ह सील आणि पिस्टन पिनचे लॉक. लॉक एकदा काढला की पुन्हा वापरू नये. तो निसटला तर नवा बोअर उभा चिरतो.

आणि क्लच कव्हरच्या आतला, क्रँकवर बसवलेला गोल ऑइल फिल्टर उघडून घेतल्याशिवाय इंजिन बंद करू देऊ नका. जुन्या झिजेचा सगळा चिखल त्यात साठलेला असतो. खालची जाळीही धुवा.

प्रश्न : रिबोअर करून ३०० किलोमीटर झाले, धूर तसाच आहे. ब्लॉक खराब झाला का?

लगेच तसं समजू नका. आधी ऑइल पाहा : डिपस्टिक न आवळता, नुसती टेकवून. वरच्या खुणेपलीकडे असेल तर तेवढ्यानेही धूर येतो. मग हेड : गाइड सैल राहिलं असेल तर नवं सीलही फार दिवस टिकत नाही.

हेड ठीक असेल तर ब्लॉक उतरवा. रिंगेवरची खूण वरच्या बाजूला हवी, रिंगांची तोंडं (कापलेल्या फटी) एका रेषेत नकोत, पिस्टनवरचं ‘आयएन’ इनलेटकडे हवं. बोअरवर उभे ओरखडे दिसले तर होनिंगची (रिबोअरनंतर बोअर दगडाने घासण्याची) पूड आत राहिली होती. ती पेट्रोलने निघत नाही. साबण, गरम पाणी आणि ब्रश लागतो, ऑइलचं पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत.