आत्मा अमर आहे, मग रात्री धडधड का?

"गीता वाचतो. आत्मा मरत नाही हे पटतं. तरी मरणाच्या विचाराने झोप उडते. माझी श्रद्धाच कच्ची आहे का?" समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. विचारणारे बहुतेक जण घरात कुणीतरी गेल्यानंतर आलेले असतात.

त्यांतलेच एक नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले, चाळिशीतले गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील गेल्यावर महिन्याभरात सुरू झालं. रात्री अडीचला दचकून जाग, छातीत धडधड, तळहाताला घाम, 'आता आपला नंबर'. ईसीजी, टूडी इको, रक्ताच्या तपासण्या, सगळं नॉर्मल. आधी डॉक्टरांना दाखवलं हे त्यांनी योग्यच केलं. पण बोलता बोलता त्यांनी खिशातून करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर काढला, बोटाला लावला. ९७. थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा ९७.

आकडा बघितला की घटकाभर हायसं वाटतं. पण 'बघितलं म्हणून निभावलं' असंच मन धरून बसतं, आणि पुढच्या वेळी बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्या रात्रींचं इंजिन हेच होतं.

घरच्यांनी समजूत काढली होती, "आत्मा अमर आहे, तू कशाला घाबरतोस?" त्यामुळे भीती गेली नाहीच, वर लाज वाटू लागली. मला या वाक्याचा जरा रागच येतो. पतंजलींनी योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले, त्यांतला शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहणं. तो विद्वानालाही सुटत नाही, असं दुसऱ्या पादात स्पष्ट म्हटलंय. अर्जुनाला दुसऱ्या अध्यायातच कळतं की आत्मा जन्मत नाही, मरत नाही. तोच अर्जुन अकराव्यात विश्वरूप बघून थरथर कापतो, आणि श्रीकृष्ण त्याला अश्रद्ध म्हणत नाहीत. हे सांगितल्यावर गृहस्थ पहिल्यांदा हसले.

मानसशास्त्रातही या भीतीवर बराच विचार झालाय. अमेरिकन अभ्यासक अर्नेस्ट बेकर यांनी १९७३ साली मांडलं की आपण मरणार हे माणसाला कळतं पण पेलवत नाही. म्हणून तो आपल्यामागे टिकेल अशा कशाचा तरी आधार घेतो: मुलंबाळं, नाव, काम, धर्म. मला हे बरंचसं पटतं. पण समोर बसलेल्या माणसाला नेमकं काय पोखरतंय, ते सिद्धांतातून कळत नाही. मेल्यावर माझं काय होईल, मरताना हाल होतील का आणि मागच्यांचं कसं होईल, या तीन वेगळ्या भीती आहेत. त्यांना एकच औषध नाही.

यांची कुठली, ते दहाव्याचा विषय निघाल्यावर कळलं. गोदाघाटावर पिंड ठेवला, कावळा शिवेना. ऊन चढलं, गुरुजींना पुढचा दहावा होता. काका म्हणाले, "अरे, त्याचा जीव कशात तरी अडकलाय. शब्द दे." यांनी हात जोडले, "अण्णा, धाकटीचं लग्न मी करीन, गावचं घर विकणार नाही." थोड्या वेळाने कावळा शिवला. सगळे सुटले, हे अडकले.

"मॅडम, मी मध्येच गेलो तर अण्णांना दिलेला शब्द खोटा पडेल."

त्यानंतर कामाला दिशा मिळाली. ऑक्सिमीटर बायकोकडे गेला. धडधड सुरू झाली की नाडी न बघता ती ओसरेपर्यंत बसून राहायचं, याचा सराव केला. पहिले काही दिवस त्यांनी मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असणार. विम्याची आणि पीएफची नॉमिनी वडिलांच्या नावावरच होती, ती बदलली. आणि शब्दाबद्दल बहिणीशी बोलायला सांगितलं, कारण तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती पुण्यात नोकरी करते. म्हणाली, "दादा, माझं लग्न माझं मी बघेन. घराचा टॅक्स मात्र निम्मा मी भरते."

आता कधीतरी अडीचला जाग येते, पण बहुतेकदा परत झोप लागते. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "तुमचं काय मत, आत्मा असतो का?" मी म्हटलं, ते गुरुजींना विचारा, माझ्याकडे वर्षश्राद्धाआधी झोपेचं काही बिघडलं तर या.