दाबाची गणितं चुकतात, मग मेकॅनिकलचा नाद सोडायचा का?

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. सूत्रं तोंडपाठ, तरी दाबावरची उदाहरणं हमखास चुकतात. तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जायचंय. तिला दुसरी वाट धरायला सांगू का? सोबत तिच्या वहीची पानं जोडली आहेत.

उत्तर: एवढ्यात सांगू नका. पानं बारकाईनं पाहिली, आकडेमोड कुठेच चुकलेली नाही. चूक त्याआधीच होते. दाब कुठल्या शून्यापासून मोजायचा, हे ती ठरवतच नाही.

बुडबुड्याचं उदाहरण बघा. १० मीटर खोलीवरून बुडबुडा वर आला, तापमान तेच, तर आकारमान किती पट? तिनं खोली × घनता × गुरुत्वत्वरण करून ९८,००० पास्कल काढले. बरोबर. पण पृष्ठभागावर खोली शून्य, म्हणून तिनं दाबही शून्य धरला. आता भागायचं कशानं? तिथेच पान अर्धवट राहिलंय. ९८,००० हा फक्त पाण्याचा दाब. त्यावर हवेचा १,०१,३२५ पास्कल आहेच. खाली एकूण १,९९,३२५, वर १,०१,३२५, म्हणजे दाब जवळपास निम्मा होतो, आणि त्यामुळे बुडबुडा जवळपास दुप्पट होतो.

टायरमध्येही तेच. गेज (दाबमापक, तो फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो) २०० किलोपास्कल दाखवतो, हवा २७ अंशांवरून ५७ अंश सेल्सिअसला गेली. तिनं ५७ भागिले २७ करून दाब दुपटीहून जास्त काढलाय. तापमान केल्विनमध्येच (सेल्सिअस अधिक २७३) घ्यायचं: ३०० वरून ३३०, म्हणजे १.१ पट. आणि गुणायचं निरपेक्ष दाबाला, म्हणजे हवेच्या दाबासकट एकूण दाबाला, गेजच्या आकड्याला नव्हे. २०० अधिक हवेचे १०१ किलोपास्कल म्हणजे ३०१, त्याचे झाले ३३१, त्यातून १०१ वजा केले की गेजवर २३० दिसेल. (टायरचं आकारमान बदलत नाही असं धरून.)

म्हणून महिनाभर तिनं सूत्राला हात लावण्याआधी समासात लिहावं: दाब गेज की निरपेक्ष, तापमान केल्विनमध्ये आहे का, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आहे का. एक चौरस सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरचा दहा हजारावा भाग. शंभरावा धरला की उत्तर शंभर पट चुकतं.

शाखेचा निर्णय मात्र तिसऱ्या उदाहरणावरून घ्या. २ मीटर रुंद, ३ मीटर उंच भिंतीला काठोकाठ पाणी लागलंय, तर पाण्याचं एकूण बल किती? तिनं तळाचा दाब, २९,४०० पास्कल, सगळ्या ६ चौरस मीटरला लावला. दाब वरून खाली वाढत जातो, म्हणून खरं उत्तर बरोबर निम्मं, ८८,२०० न्यूटन. तिला भिंतीच्या आडव्या पट्ट्या पाडून, प्रत्येक पट्टीवरचं बल काढून बेरीज करायला सांगा. पट्ट्या बारीक करत गेलं की हेच इंटिग्रेशन होतं. पुढे फ्लुइड मेकॅनिक्समध्ये (द्रव आणि वायूंच्या अभ्यासाच्या विषयात) अशीच गणितं रोज असतात. त्यात ती रमते की कंटाळते, हे शेजारी बसून पाहा. शाखा निवडताना मी तिच्या आत्ताच्या मार्कांपेक्षा याला जास्त वजन देईन.