घड्याळं की काचेचे पडदे? सिम्युलेटरमधल्या छोट्या विमानांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुढच्या वर्षी वैमानिक प्रशिक्षणाला जायचा विचार आहे. तोवर घरी सिम्युलेटरवर सेसना 172 या छोट्या विमानाचा सराव करतोय. जी1000 वालं (सगळं पडद्यांवर दाखवणारं गार्मिनचं पॅनेल) विमान घेऊ की जुन्या घड्याळांचं (काट्यांच्या गोल मापकांचं)? खरेपणा कशात जास्त? (नाशिक)

आधी ज्या संस्थेत जाणार तिथे कोणती विमानं आहेत ते विचारा. गोंदियाला डायमंड डीए-40 आहेत, म्हणजे जी1000. इतर बऱ्याच क्लबांत मात्र अजूनही सेसना 152 आणि 172 वर सहा घड्याळांचं पॅनेल भेटतं. जे तिथे हाताळणार तेच घरी लावा.

अजून ठरलं नसेल तर आमचा कौल घड्याळांना. जी1000 वर वेग, उंची, दिशा, नकाशा सगळं एकाच पडद्यावर मांडलेलं मिळतं. सहा घड्याळांवर ती मांडणी तुम्हाला डोक्यात करावी लागते, आणि पहिल्या चाळीस तासांत नेमकी तीच सवय उपयोगी पडते. घड्याळांवरून पडद्यावर जायला आठवडा पुरतो, उलट्या प्रवासाला घाम फुटतो. एक्स-प्लेन 12 या सिममध्ये दोन्ही 172 मुळातच येतात. मायक्रोसॉफ्टचं 2020 चं सिम आलं तेव्हा साध्या आवृत्तीत जी1000 वालं होतं, घड्याळवालं डिलक्समध्ये. आणखी एक फरक लक्षात ठेवा : मायक्रोसॉफ्टमध्ये आहे ते जी1000 एनएक्सआय, म्हणजे नवी आवृत्ती. त्याच्या एचएसआयमध्ये (दिशा आणि मार्ग दाखवणाऱ्या तबकडीत) नकाशा उमटतो. शाळेतल्या जुन्या जी1000 वर तो नसतो, म्हणून त्यावर विसंबू नका.

खरेपणा तपासायचा तर पॅनेलचा रंग नि ओरखडे बघून काही कळत नाही. दोन गोष्टी करून बघा. पहिली, दिशा दाखवणारा जायरो, म्हणजे फिरत्या चक्रावर चालणारं दिशेचं घड्याळ. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. त्याला अक्षांशाच्या साइनने गुणलं की काहीही भरपाई नसलेला जायरो किती सरकतो ते निघतं. पुण्याच्या साडेअठरा अंशांवर हे तासाला पावणेपाच अंश होतात, दिल्लीला सात. बेअरिंगचं घर्षण वेगळंच. 5 अंशांची चूक घेऊन 60 नॉटिकल मैल गेलात तर 5 मैल बाजूला पडाल. म्हणून दर 15 मिनिटांनी, विमान सरळ, सपाट आणि एका वेगात असताना, होकायंत्र बघून जायरो जुळवायचा. वळताना किंवा वेग बदलताना होकायंत्र स्वतःच खोटं बोलतं. एफएसएक्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिममध्ये) जायरो ड्रिफ्टचा, म्हणजे सरकण्याचा, पर्याय बंद असेल तर काटा कधीच सरकणार नाही, आधी तो चालू करा. जुळवायला 'डी' कळ आहे, पण शक्य तर नॉबनेच जुळवा. कळ दाबून होणारं काम हाताला लागत नाही.

दुसरी चाचणी व्हॅक्यूम पंपाची. घड्याळवाल्या 172 मध्ये कृत्रिम क्षितिज आणि दिशेचा जायरो हवेच्या ओढीवर फिरतात, टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं घड्याळ) विजेवर. फेल्युअरच्या यादीतून व्हॅक्यूम बंद करा. खऱ्या विमानात जायरोची गती हळूहळू मरते आणि क्षितिज काही मिनिटांत इतकं सावकाश कलतं की तुम्ही नकळत त्याच्याबरोबर वळू लागता. धोका आहे तो त्या सावकाशीत. सिममध्ये क्षितिज बटण दाबल्यासारखं आडवं पडलं, किंवा त्याच्यासोबत टर्न कोऑर्डिनेटरही मेला, तर मॉडेल कच्चं समजा.

जी1000 वाल्यासाठी चाचणी वेगळी. डावा पडदा घालवा आणि ऑडिओ पॅनेलवरचं लाल बटण दाबा. वेग-उंची उजव्या पडद्यावर यायला हवी. सुरू करतानाही स्टँडबाय बॅटरीचा स्विच 'टेस्ट'वर 20 सेकंद धरायचा असतो आणि तोवर हिरवा दिवा विझता कामा नये, मग 'आर्म'. दिवा पेटतच नसेल तर तो स्विच शोभेचा.

प्रश्न : आयएलएसची (उतरताना धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ यंत्रणेची) फ्रिक्वेन्सी टाकूनही सुई हलत नाही. आणि केएपी 140 ऑटोपायलटला 'नॅव' (मार्ग धरण्याचा मोड) दिलं की विमान भलतीकडेच वळतं, उंचीही नीट धरत नाही. पॅनेल बिघडलंय का? (सांगली)

बहुधा नाही. गार्मिन 430 वर (रेडिओ आणि जीपीएसच्या पॅनेलवर) फ्रिक्वेन्सी आधी स्टँडबायमध्ये जाते. उलटी-सुलटी बाणाची कळ दाबून ती वरच्या ओळीत आणल्याशिवाय रिसीव्हर ऐकतच नाही. ती आणली, तरी खालची सीडीआय कळ (सुई कशाला जोडायची ते ठरवणारी) 'जीपीएस'वर असेल तर सुई आयएलएसला नाही, मार्गाला जोडलेली असते. कळ दाबून 'व्हीलॉक' (रेडिओ) आणा, स्टेशनची मोर्स ओळख ऐका, मग ऑटोपायलटला 'एपीआर' (अ‍ॅप्रोच) द्या. ओळख ऐकायचा लोकांना कंटाळा येतो, पण निम्म्या चुका तिथेच उघड्या पडतात. सुई आयएलएसवर मध्यापासून अडीच अंशांत काठाला लागते, व्हीओआरवर (दिशा सांगणाऱ्या रेडिओ केंद्रावर) दहा अंशांत. तेव्हा ती चौपट चपळ वाटली तर घाबरू नका.

केएपी 140 चं गाऱ्हाणं जवळजवळ सगळ्यांचं असतं. साध्या दिशा-जायरोच्या पॅनेलवर या ऑटोपायलटला तुमचा कोर्स माहीतच नसतो. तो कळतो हेडिंग बगवरून (दिशेच्या तबकडीवरच्या फिरवता येणाऱ्या खुणेवरून). 'नॅव' दाबलं की 'एचडीजी' अक्षरं 5 सेकंद लुकलुकतात, तेवढ्यात बग हव्या कोर्सवर फिरवायचा. आधी हेडिंग मोडवर असाल तर तो बगच्या हिशेबाने 45 अंशांत मार्ग कापायला निघतो. बग जुन्या दिशेवर राहिला, तर विमान त्या दिशेचा हिशेब धरून वळणार, त्याचा दोष नाही.

उंचीचं कारण ऑटोपायलटची स्वतःची दाबाची नोंद. आल्टिमीटरचा नॉब फिरवल्याने ती बदलत नाही, 'बॅरो' दाबून वेगळी द्यावी लागते. (दोन सेकंद दाबून धरलं की हेक्टोपास्कल आणि इंच यांत अदलाबदल होते.) समजा पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेचा दाब) 1003 हेक्टोपास्कल आहे आणि ऑटोपायलटमध्ये 1013 राहिलंय. दर हेक्टोपास्कलला साधारण 28 फूट. 5,000 निवडलंत तर तुमच्या आल्टिमीटरवर 4,720 दिसत असताना विमान सपाट होईल. सह्याद्रीच्या अंगाने ढगात उडताना हे 280 फूट महागात पडतात. सिममध्ये दोन्ही दाब आपोआप जुळत असतील तर ती सोय आहे, खरेपणा नव्हे.

प्रश्न : आर्डुइनो बोर्ड आणि मोबीफ्लाइट (घरगुती पॅनेल सिमला जोडणारं सॉफ्टवेअर) वापरून 430 चं पॅनेल करतोय. आर्डुइनो उनो पुरेल का? एन्कोडर (नॉबचं फिरणं ओळखणारा भाग) दोन टिचक्यांना एकदा हलतो. (डोंबिवली)

उनो नाही पुरणार. 430 ला दोन दुहेरी नॉब आहेत, म्हणजे चार एन्कोडर, आठ पिना. दोन्ही नॉब आत दाबले जातात, त्या दोन. उरलेल्या कळा तेरा : दोन फ्लिप, रेंजच्या दोन, डायरेक्ट, मेनू, क्लिअर, एंटर आणि खालच्या पाच. एकूण तेवीस. आवाजाचे नॉब धरलेच नाहीत. मेगा 2560 ला 54 डिजिटल पिना आहेत, तोच घ्या. एन्कोडरची मधली पिन ग्राउंडला, बाजूच्या दोन डिजिटलला.

टिचक्यांचा घोळ एन्कोडरच्या जातीचा आहे. बाजारात ईसी11 दोन तऱ्हांचे मिळतात. 20 टिचक्यांना 20 पल्स देणारा एका टिचकीत पूर्ण चक्र करतो, 30 टिचक्यांना 15 पल्सवाला अर्धंच. तुमचा दुसरा दिसतो, आणि मोबीफ्लाइटमध्ये निवड पहिल्याची आहे. एन्कोडरचा प्रकार बदलून दोन टिचक्यांना एक चक्र असा ठेवा. उलटी दिशा येत असेल तर डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा, प्रोग्रामला हात लावू नका.

प्रश्न : जी1000 लावलं की फ्रेम्स पडतात. ग्राफिक्स कमी करूनही फरक नाही. (ठाणे)

पडणार नाहीच. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये हे पडदे प्रोसेसरच्या मुख्य थ्रेडवर भार टाकतात, ग्राफिक्स कार्डावर नाही. डेव्हलपर मोडमधल्या फ्रेम काउंटरवर 'मेनथ्रेड' दिसत असेल तर ग्लास कॉकपिट रिफ्रेश रेट मध्यमवर आणा. उजवं ऑल्ट धरून पडदा बाहेर काढून ठेवला असेल तर तो आधी बंद करा, तोही खातो.

प्रश्न : एफएसएक्सच्या जीपीएसमध्ये मोपा विमानतळ सापडत नाही. (म्हापसा)

एफएसएक्स 2006 चं, मोपावरून उड्डाणं सुरू झाली जानेवारी 2023 मध्ये. विमानतळाची सीनरी फाईल वेगळी बसवा, जीपीएस तिथूनच वाचतो. सिंधुदुर्ग आणि शिर्डीसाठीही तेच.