गाईच्या सीरमची जंतूंशी झुंज

प्रश्न : आमच्या गाईला कासदाह झाला असता तपासणीसाठी काढलेल्या रक्तावर पिवळसर पाणी सुटले. ते जंतूंशी लढते, असे डॉक्टर म्हणाले. ते कसे?
— एक गोपालक, वाळपई

उत्तर : ते पाणी म्हणजे सीरम. त्यातील ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिने ई. कोलायसारख्या जंतूंच्या बाह्य आवरणाला अक्षरशः भोके पाडतात. मात्र सीरम ५६ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवले की ही शक्ती नाहीशी होते. जाड भिंतीचे जंतू या माऱ्याला दाद देत नाहीत. त्यांना पांढऱ्या पेशी गिळतात.

ई. कोलायसारख्या जंतूंच्या आवरणातले विष रक्तात उतरले की गाईला ताप भरतो, आणि निरोगी गाईत जेमतेम आढळणारे हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन यकृत एक-दोन दिवसांत भराभर तयार करू लागते. ते फुटलेल्या तांबड्या पेशींतील लोहयुक्त हिमोग्लोबिनला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे वाढीसाठी लोहावर टपलेल्या जंतूंची उपासमार होते; माझ्या मते ही युक्ती सर्वांत विलक्षण आहे. सुजलेल्या सडातून येणारे पिवळट, पाण्यासारखे दूध आपण पाहिले असेलच. त्यात बरेचसे सीरमच पाझरलेले असते.

धनुर्वाताच्या विषाची गोष्ट निराळी. तेथे सीरममधील प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) जंतूला न मारता विषच निकामी करतात, हे बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये दाखवले.