तुमचे प्रश्न : ‘नवीन औषध आलंय म्हणे, आमच्या माणसाला चालेल का?’

या वेळी मेंदूच्या आजारांबद्दलचीच पत्रं जास्त आलीत आणि जवळपास प्रत्येक पत्रात फिरून तोच प्रश्न आहे, की बातमी वाचली, नवीन औषध निघालंय, आमच्या माणसाला चालेल का. न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत हा प्रश्न मी रोज ऐकतो आणि विचारणारा माणूस किती रात्री जागून तो घेऊन आलेला असतो तेही बघतो, त्यामुळे गोल गोल उत्तरं देणार नाही.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. आता ती मला कधी ओळखते, कधी मला ताई म्हणून हाक मारते (तिची मोठी बहीण, ती वारली त्याला बरीच वर्षं झाली). अंघोळ, कपडे सगळं आम्हीच करतो. अल्झायमर थांबवणारं इंजेक्शन आलंय असा व्हिडिओ बघितला. भाऊ कर्ज काढायला तयार आहे. काय करावं?

ताई, आधी सरळ उत्तर देतो, कर्ज काढू नका. ते इंजेक्शन खोटं नाहीये, पण तुमच्या आईच्या टप्प्यासाठी ते नाही.

व्हिडिओत बहुतेक लेकॅनेमॅबबद्दल सांगितलं असेल. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रोटीनचे थर साठतात, हे औषध ते थर काढतं. दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं असतं, अमेरिकेत २०२३ साली त्याला पूर्ण मंजुरी मिळाली. ज्या मोठ्या ट्रायलवर ही मंजुरी मिळाली तिच्यात १७९५ लोक होते आणि सगळे अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले, म्हणजे विसरायला होतंय पण स्वतःचं स्वतः करतायत असे. दीड वर्षानंतर काय दिसलं, तर ० ते १८ अशा मोजपट्टीवर औषध न घेतलेले १.६६ गुणांनी खालावले आणि औषध घेतलेले १.२१ गुणांनी. बातमीत हेच ‘आजार २७ टक्क्यांनी मंदावला’ असं येतं, आणि गणित बरोबरच आहे, पण खालावले दोघंही. कुणाची गेलेली आठवण परत आली नाही. घरच्यांच्या मनात मात्र ‘इंजेक्शन’ म्हटल्यावर आई परत नावानं हाक मारेल हेच चित्र असतं, आणि ते तसं असणं अगदी स्वाभाविक आहे.

दुसरी बाजूही बघा. त्याच ट्रायलमध्ये औषध घेतलेल्या साधारण आठातल्या एकाच्या मेंदूत एमआरआयवर सूज दिसली. पुष्कळांना ती जाणवलीही नाही, पण काहींना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. एपीओई-४ या जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांना हा धोका जास्त, म्हणून जनुक तपासायचं, सुरुवातीला परत परत एमआरआय करायचे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी काळजी. नंतर २०२४ मध्ये मंजूर झालेलं डोनानेमॅब महिन्यातून एकदा द्यायचं असतं आणि थर गेले की थांबवताही येतं, पण तेही सुरुवातीच्याच टप्प्यासाठी.

मग आईसाठी काहीच नाही का? आहे, आणि ते या इंजेक्शनपेक्षा तिच्या जास्त उपयोगाचं आहे. डोनेपेझिल आणि मेमँटिन या जुन्या गोळ्या चालू आहेत का बघा, नसतील तर डॉक्टरांना विचारा. मेमँटिन तर मध्यम आणि पुढच्या टप्प्यासाठीच आहे. एखाद्या आठवड्यात ती एकदम जास्त गोंधळली तर ‘आजार वाढला’ असं म्हणून सोडून देऊ नका, लघवीची तपासणी करून घ्या, बद्धकोष्ठता आहे का बघा, कुठे दुखतंय का बघा, या वयात साधं इन्फेक्शनसुद्धा असंच दिसतं. तिच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, कारण लघवी आवरायची, ॲलर्जीची, झोपेची अशा काही गोळ्या स्मरणशक्ती आणखी बिघडवतात आणि त्या कमी केल्यावर माणूस बराच सुधारलेला मी बघितलाय.

आणि ती ताई म्हणते तेव्हा ‘अगं मी तुझी मुलगी, ताई केव्हाच गेली’ असं सांगत जाऊ नका. तिला ती बातमी दरवेळी नव्यानं कळते, दरवेळी नवीन दुःख होतं, आणि थोड्या वेळानं कारण विसरलं तरी रडवेलेपणा मागे राहतो. ‘ताईची आठवण येतेय का गं?’ एवढंच विचारा आणि तिला बोलू द्या.

प्रश्न : वरच्याच ताईंचा दुसरा प्रश्न. मी ४८ वर्षांची आहे. मलाही होणार का? रक्ताची टेस्ट आलीय ती करून घेऊ का?

आईला सत्तरीच्या आसपास सुरू झाला म्हणजे तो थेट आईकडून मुलीकडे जाणाऱ्या दुर्मीळ प्रकारातला असण्याची शक्यता फार कमी. तुमचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, पण ‘होणारच’ असं नाही.

रक्ताच्या टेस्टची बातमी खरी आहे आणि मला स्वतःला ती फार मोठी वाटते. पी-टाऊ-२१७ नावाचं प्रोटीन रक्तात मोजून मेंदूत अमायलॉइड आहे की नाही याचा चांगला अंदाज येतो, जे आधी पाठीतून पाणी काढून किंवा मेंदूचा पेट (पीईटी) स्कॅन करूनच कळायचं. अशी पहिली टेस्ट अमेरिकेत मे २०२५ मध्ये मंजूर झाली, पण कुणासाठी, तर वय पन्नाशीच्या पुढे आणि विसरण्याची तक्रार सुरू झालेल्यांसाठी. तुम्हाला तक्रार नाही, वयही नाही. अमायलॉइड साठायला लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीच सुरुवात होते, म्हणजे उद्या टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी तेवढ्यावरून आजार कधी होईल, होईल की नाही हे कळणार नाही, आणि त्या कागदाचं ओझं मात्र रोज वाहावं लागेल. सध्या करू नका.

त्यापेक्षा हे करा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ कमिशननं २०२४ मध्ये १४ गोष्टींची यादी दिलीय, या सगळ्या आयुष्यभर सांभाळता आल्या तर जगातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्यातलाच एक) टाळता किंवा पुढे ढकलता येतील असा त्यांचा हिशोब आहे. बीपी, शुगर, एलडीएल कोलेस्टेरॉल, धूम्रपान हे सगळे जण धरतात, पण त्याच यादीत कमी ऐकू येणं आहे, कमी दिसणं आहे, एकटेपणा आहे. माझं सगळ्यात जास्त भांडण होतं ते कानाच्या मशीनवरून. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलायचं टाळतो, बोलायचं टाळतो म्हणून घरात असूनही घराबाहेर पडल्यासारखा होतो, आणि सगळे म्हणतात वय झालं.

एक नवीन अभ्यास मुद्दाम सांगतो. वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली तेव्हा २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती मिळणार आणि त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही असा नियम होता. म्हणजे आठवडाभराच्या फरकानं जन्मलेली, बाकी सगळं सारखं असलेली माणसं आपोआप दोन गटांत पडली. सात वर्षांनी बघितलं तर लस घेतलेल्यांमध्ये डिमेन्शिया साधारण एक पंचमांशानं कमी. लस डिमेन्शियासाठी मंजूर नाहीये, पण वय बसत असेल तर नागिणीसाठी म्हणून ती घ्यावीच, आणि हा अभ्यास वाचल्यापासून मी पेशंटना ते जास्त जोर देऊन सांगतो.

प्रश्न : मिस्टरांना (वय ६१) पार्किन्सन्स आहे. उजवा हात थरथरतो, शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं लागतात. डॉक्टरांनी लेव्होडोपा लिहून दिलीय पण ते घेत नाहीत, म्हणतात आत्ताच घेतली तर पाच वर्षांत काम करेनाशी होईल, स्टेम सेलची ट्रीटमेंट येईपर्यंत थांबू.

त्यांना माझ्याकडून हात जोडून सांगा, गोळी घ्या.

‘आत्ता घेतली तर संपून जाईल’ हा समज इतका पसरलाय की काही वर्षांपूर्वी डॉक्टरसुद्धा गोळी लांबवायचे. मग यावर नीट अभ्यास झाले. नेदरलँड्समध्ये ४४५ पेशंटपैकी अर्ध्यांना लेव्होडोपा लगेच दिली, अर्ध्यांना ४० आठवड्यांनी. निकाल २०१९ मध्ये आला. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच, म्हणजे गोळीनं आजार थांबला नाही हे खरं, पण लवकर घेतल्यानं काही बिघडलंही नाही. त्याआधी २०१४ मध्ये घाना आणि इटलीतल्या पेशंटची तुलना झाली होती. घानातल्या लोकांना गोळी खूप उशिरा मिळायची, तरी हातपाय आपोआप हलणं, गोळीचा असर मध्येच उतरणं हे त्रास आजाराच्या साधारण त्याच वर्षी सुरू झाले, म्हणजे गोळी किती वर्षं घेतली यापेक्षा आजार किती वर्षांचा झाला यावर ते जास्त अवलंबून असतात, डोस किती मोठा आहे याचाही वाटा असतो. थांबून त्यांनी काहीच वाचवलेलं नाही. गेली ती बटण लावायची, सही करायची, बरोबरीनं चालायची वर्षं.

स्टेम सेलचं म्हणाल तर काम खरोखर सुरू आहे. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दोन अभ्यास आले, एक उत्तर अमेरिकेतला १२ पेशंटचा, एक जपानमधला ७ पेशंटचा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मेंदूत सोडल्या, त्या जगल्या, डोपामिन (पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणारं रसायन) तयार करत असल्याचं स्कॅनवर दिसलं. मला वाचताना खूप आनंद झाला. पण ते ‘हे सुरक्षित आहे का’ एवढं बघायचे अभ्यास होते, आकडाच बघा ना, १२ आणि ७. आज कुणी पैसे घेऊन हातात सुई टोचून ‘स्टेम सेल’ देत असेल तर त्याचा या संशोधनाशी काही संबंध नाही, तिथे जाऊ नका.

गोळी सुरू केली की एक साधी वही करा. किती वाजता गोळी घेतली, किती वेळानं हात सुटा झाला, किती वाजता परत जड झाला, एवढंच लिहायचं, आठवडाभर. डॉक्टरांना ती वही म्हणजे सोनं. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तर बरी, कारण जेवणातली प्रथिनं तिच्या शोषणात आड येतात, रिकाम्या पोटी मळमळत असेल तर तेवढं डॉक्टरांना सांगा. पुढे कधी गोळ्यांची वेळापत्रकं जमेनाशी झाली तर मेंदूत तारा घालून त्यातून बारीक करंट द्यायचं डीबीएस आहे, आणि अमेरिकेत २०२५ पासून मेंदूतले सिग्नल ओळखून करंट आपोआप कमीजास्त करणारं डीबीएसही मंजूर झालंय. ते पुढचं पुढे. व्यायाम मात्र आजपासून, घाम येईल असा.

प्रश्न : बाबांचं तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले आणि वीस मिनिटांत सगळं नॉर्मल झालं. आता छान आहेत. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्याची मिळालीय, चालेल ना?

नाही चालणार, आजच इमर्जन्सीत न्या. पत्र मिळाल्याबरोबर मी हे उत्तर वेगळं पाठवलंय, इथे बाकीच्यांसाठी छापतोय.

हा छोटा झटका म्हणजे मोठ्या पक्षाघाताची सूचना असते आणि मोठा झटका येतो तो बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच. ऑक्सफर्डमध्ये २००७ साली दाखवलं गेलं, की अशा पेशंटवर लगेच उपचार सुरू केले तर ९० दिवसांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं, आणि वापरलेली औषधं नेहमीचीच होती. आणि लक्षणं टिकून राहिली तर घड्याळ बघा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, तारेनं गुठळी ओढून काढायची सोय काही निवडक पेशंटना २४ तासांपर्यंतही असते. सीटी स्कॅनच्या आधी घरी ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव असेल तर उलटं होईल.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची आहे, सहा वर्षांपासून फिट येतात. दोन औषधं पूर्ण डोसमध्ये झाली, तरी महिन्यातून दोनतीनदा येतेच. आता तिसरं चालू करतायत. एखादं नवीन औषध आहे का?

नवीन औषधं आहेत, सेनोबामेट त्यातलं चांगलं आहे, पण तुमच्या पत्रात न विचारलेला प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिचं ऑपरेशन होऊ शकतं का, हे कुणी बघितलंय का?

पहिल्या औषधानं ४७ टक्के लोकांच्या फिट थांबतात, दुसऱ्यानं आणखी १३ टक्क्यांच्या, आणि त्यानंतर तिसरं किंवा दोन औषधं मिळून जेमतेम ४ टक्के, हे २००० सालीच समोर आलंय. पुढच्या वर्षी कॅनडातला अभ्यास आला, कानशिलाजवळच्या भागातून फिट सुरू होणाऱ्या ८० पेशंटचा. वर्षभरानंतर, शुद्ध हरपणाऱ्या फिट पूर्ण थांबलेले लोक ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के आणि नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. ही माहिती इतकी जुनी असूनही मुलं दहादहा वर्षं गोळ्या बदलत बसतात आणि शाळा, कॉलेज, मैत्रिणी सगळं मागे पडतं, याचा मला खरंच त्रास होतो. मेंदूच्या ऑपरेशनचं नाव काढलं की घरचे घाबरतात ते समजू शकतो, पण तपासणीला गेलं म्हणजे ऑपरेशन केलंच पाहिजे असं नसतं.

एपिलेप्सी सर्जरीची टीम असलेल्या मोठ्या सेंटरला चिठ्ठी मागा. तिथे व्हिडिओ-ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद आणि सोबत चित्रीकरण) करतील, फिटसाठीच्या खास पद्धतीनं एमआरआय करतील. चालू औषधांत व्हॅलप्रोएट असेल तर पुढे गर्भात बाळाला धोका असतो म्हणून त्याबद्दलही आत्ताच विचारा, पण स्वतःहून एकही गोळी बंद करू नका.

आणि पुढची फिट आली की एकानं तिला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, पाच मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स बोलवायची, आणि दुसऱ्यानं मोबाईलवर शूटिंग करायचं. ते करताना पोटात तुटतं, माहीत आहे मला. पण पहिल्या काही सेकंदांत मान कुठे वळली, कुठला हात आधी ताठ झाला, ती ओठ चावल्यासारखं करत होती का, हे त्यात दिसलं तर फिट कुठून सुरू होते ते शोधायला फार मदत होते. चेहरा आणि दोन्ही हात फ्रेममध्ये ठेवा, पांघरूण बाजूला करा, आणि तिला नावानं हाक मारत राहा, ती केव्हा उत्तर देते तेही रेकॉर्ड होऊ द्या.