लिंकची उपलब्धता ९९.९९ टक्के दिसते, तरी ग्राहक रोज तक्रार करतात. ट्रान्समिशन लाइनवर नेमकं काय मोजावं?

तुमच्या अहवालातला आकडा चुकीचा असेल असं मला वाटत नाही. पण उपलब्धता ज्या नियमाने मोजतात, त्यात तुमच्या ग्राहकाचा त्रास बसतच नाही.

आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.८२६ शिफारशीत ज्या सेकंदात ३० टक्के किंवा त्याहून जास्त ब्लॉक (डेटाचे ठरावीक तुकडे) बिघडले, किंवा सिग्नलच गेला, तो एसईएस, म्हणजे फार खराब सेकंद. असे १० सेकंद ओळीने गेले की लाइन अनुपलब्ध धरतात आणि ते १० सेकंदही त्यातच मोजतात. मग सलग १० सेकंद एसईएसशिवाय गेले की ती पुन्हा उपलब्ध. आता ९ सेकंद खराब, १ बरा, परत ९ खराब असं दिवसभर चाललं तरी उपलब्धता १०० टक्केच! त्या लाइनवर कुणाचाही कॉल धड होणार नाही. ९९.९९ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात साधारण ४ मिनिटं १९ सेकंद बंद. तेवढ्यात तुमच्या तक्रारी मावत नसतील, तर त्या या छोट्या झटक्यांच्या आहेत.

म्हणून ईएस (एकही ब्लॉक बिघडलेला सेकंद), एसईएस आणि यूएएस (अनुपलब्ध सेकंद) हे तीन काउंटर १५-१५ मिनिटांच्या कप्प्यांत बघा, २४ तासांची बेरीज नको. दिवसात ४० ईएस आले हे कळून काही हाती लागत नाही. ते दिवसभर विखुरलेत की एकाच पाव तासात आलेत, यावर सगळं आहे. तिन्ही एकत्रच वाचायचे, कारण यूएएस चालू असताना एसईएस मोजणं थांबतं. नुसता एसईएस शून्य बघून खूश होऊ नका.

आमच्या एका लिंकवर रोज सकाळी दहाच्या सुमाराला दोन-तीन कप्प्यांत एरर यायचे, बाकी दिवस स्वच्छ. सुट्टीच्या दिवशी एकही नाही. रात्री दोनदा ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून दोष कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) लावला, फायबर अगदी चांगलं. शेवटी मी सकाळी उपकरणांच्या कपाटापाशी जाऊन उभा राहिलो. रोजच्या तपासणीसाठी दार उघडलं की बिजागरीपाशी एक पॅचकॉर्ड (उपकरण आणि फायबर जोडणारी छोटी वायर) ताणून दुमडत होती. रिसीव्ह पॉवर (या टोकाला पोचणारा प्रकाश, डीबीएममध्ये; उणे आकडा मोठा तितका प्रकाश कमी) उणे १९ डीबीएमवरून उणे २४ वर यायची, दार लावलं की परत उणे १९. आणि ओटीडीआर लावताना आम्ही नेमकी तीच पॅचकॉर्ड काढून ठेवत होतो. १५ मिनिटांचे कप्पे नसते तर ती वेळ आमच्या लक्षातच आली नसती.

तेव्हापासून लिंक सुरू करतानाची रिसीव्ह पॉवर मी लिहून ठेवतो आणि अलार्म त्या आकड्यापासून २ डीबी घसरणीवर लावतो. रिसीव्हरची मर्यादा गाठेपर्यंत थांबलं की फार उशीर होतो. फायबर १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे साधारण ०.२ डीबी खातं, त्यामुळे किती पॉवर यायला हवी याचा अंदाज आधीच बांधता येतो. फायबर दुमडलंय अशी शंका असेल तर १३१० आणि १५५० नॅनोमीटर दोन्हींवर ओटीडीआरचा आलेख घ्या. वाकलेली जागा १५५० वर जास्त ठळक दिसते. एफईसी (एरर आपोआप दुरुस्त करणारी सोय) असलेल्या लिंकवर मात्र दुरुस्तीच्या आधीचा एरर रेट पाहिलाच पाहिजे. दुरुस्तीनंतरचा आकडा शेवटपर्यंत शून्य दाखवतो आणि मग लिंक एकदम कोसळते.

दोष कुठल्या टप्प्यात आहे ते एसडीएच (अनेक जोडण्या एकाच फायबरवरून नेण्याची पद्धत) असेल तर बी१, बी२, बी३ हे एरर तपासणारे बाइट सांगतात. बी१ दोन रिजनरेटरमधलं (सिग्नल ताजा करणारी उपकरणं), बी२ मल्टिप्लेक्स सेक्शनचं (जोडण्या एकत्र करणाऱ्या दोन उपकरणांमधलं), बी३ अख्ख्या पाथचं, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतचं. फक्त बी३ वाढत असेल तर तुमच्या टप्प्यातलं फायबर उकरत बसू नका, एरर मागून कुठून तरी येताहेत.

दोन्ही दिशांचे काउंटर घ्या. एक दिशा जरी अनुपलब्ध झाली तरी दुहेरी पाथ अनुपलब्धच धरतात. दोन्ही टोकांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) जुळवलेली हवीत, नाहीतर कुठली घटना आधीची हे ठरवता येत नाही. आणि उपकरणात जुने कप्पे थोडेच राहतात, म्हणून ते सर्व्हरवर ओढून ठेवा.

आठवडाभराचे कप्पे काढा आणि त्यांच्याशेजारी तक्रारींच्या वेळा मांडा. वेळा जुळल्या तर त्या वेळी लिंकच्या दोन्ही टोकांना माणूस उभा करा.