ठाण्याच्या चर्चमध्ये मिशन संडेला जमणारे पैसे नेमके जातात कुठे?

ठाण्यात राहत नाहीत. ऑक्टोबरमधल्या शेवटच्या आधीच्या रविवारी (ही प्रथा १९२६पासूनची) जगभरच्या कॅथलिक चर्चमधली वर्गणी रोमच्या सामाईक निधीत जाते. तिथून आफ्रिका-आशियातल्या गरीब धर्मप्रांतांना: शाळा, दवाखाने, प्रार्थनामंदिरं, धर्मगुरूंचं शिक्षण. म्हणजे धर्मप्रसारही त्यात आहेच, लपवायचं कारण नाही.

याचं मूळ १८१९च्या सुमाराचं, फ्रान्समधल्या लियाँ शहरातलं. पोलीन जारिको या तरुणीने रेशीम कारखान्यातल्या बायकांकडून आठवड्याला एक सू, म्हणजे निव्वळ चिल्लर, गोळा करायला सुरुवात केली. दहा-दहा जणींचे गट, प्रत्येकाला वसुली करणारी एकजण. आपली भिशीच, फक्त नंबर कधी लागत नाही! मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर, आवारात फुगे (तळलेले पिठाचे गोळे) आणि सोरपोटेल (डुकराच्या मटणाचा रस्सा) यांचे स्टॉल लागले, तर तो गल्ला कुठे जाणार ते मात्र स्टॉलवरच विचारा.